यंदा खंयचो पिच्चर?

दसरा झाला की आईचा गावाहून फोन येतो आणि त्यात दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट झालं का. दुसरा, 'यंदा खंयचो पिच्चर?'

कुडाळजवळच्या आमच्या गावातून ती दिवाळीला डोंबिवलीत येते आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या आत परत जाते. मधल्या दिवसांत भाऊबीज. ओवाळणं झालं, जेवणं झाली की सगळ्यांनी मिळून सिनेमाला जायचं, हा आमच्या घरातला रिवाज बाबा मुंबईत नोकरीला लागले तेव्हापासूनचा. ओवाळणीतल्या साड्या कुठल्या होत्या ते आत्याला आता आठवत नाही, पण कुठल्या वर्षी कुठला पिक्चर पाहिला ते ती ओळीने सांगते. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. रिवाज चालू आहे. तिकिटं आता मी काढतो.

तर या वर्षी, २०२५च्या दसऱ्यानंतर, आईचा फोन सुरू असतानाच मी दिवाळीत लागणाऱ्या सिनेमांची यादी पुढ्यात घेतली. २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजनाचा दिवस. हिंदीत 'थामा', म्हणजे २०१८ साली 'स्त्री'पासून सुरू झालेल्या भुताखेतांच्या मालिकेतला पाचवा सिनेमा. मराठीत 'प्रेमाची गोष्ट २'. पहिली 'प्रेमाची गोष्ट' २०१३ची. त्यानंतर दहा दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, 'पुन्हा शिवाजीराजे भोसले'. २००९ साली 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय'मध्ये महाराज एका मराठी माणसाशी बोलायला आले होते, ते आता पुन्हा येणार. आणि त्याच दिवशी 'बाहुबली'चे दोन्ही भाग एकत्र शिवून केलेला सुमारे पावणेचार तासांचा एकच सिनेमा.

यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. आईला म्हटलं, "बघतो, सांगतो."

"असा काय म्हणतंस?" ती म्हणाली. कारण हे उत्तर मी तिला आजवर कधी दिलं नव्हतं. दसऱ्याच्या आधीच माझं ठरलेलं असायचं. कधी कधी दोन सिनेमांत अडकायचो आणि तिच्याशी चर्चा करायचो, कुठल्यात गाणी बरी असतील, कुठल्यात मारामारी कमी असेल. या वेळी अडकण्यासारखंच काही नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यातला एकही सिनेमा मी पाहिलेला नाही. ते अजून लागायचेत. कदाचित त्यातला एखादा फार सुंदर निघेल, आणि निघावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. न पाहिलेल्या सिनेमाला वाईट म्हणणं हा त्यात राबलेल्या माणसांवर अन्याय आहे. माझं दुःख सिनेमांबद्दल नाही, यादीबद्दल आहे. यादी वाचताना पोटात जी एक हलकी कळ उठायची, हे काय असेल बुवा, ती या वेळी उठली नाही. प्रत्येक नाव वाचलं की मनात आधीच्या कशाची तरी आठवण येते. पहिला कसा होता, त्यात कोण होतं, आपण तो कुठे पाहिला होता. यादी पुढची आहे आणि मन मात्र मागे मागे जातंय.

हे लिहायला बसलो तेव्हा मनातून एक आवाज आला, की दहा वर्षांपूर्वी तरी वेगळं काय होतं? खरं आहे. २०१५ची दिवाळी. १२ नोव्हेंबर, पाडवा. एकाच दिवशी 'कट्यार काळजात घुसली' आणि 'मुंबई-पुणे-मुंबई २' लागले, समोर सलमान खानचा मोठा हिंदी सिनेमा. एक मराठी सिनेमा १९६७ सालच्या संगीत नाटकावरचा, दुसऱ्याच्या नावातच आकडा. म्हणजे कोरं करकरीत त्यातही काही नव्हतं. तरी त्या वर्षी आम्ही भाऊबिजेला एक पाहिला आणि पुढच्या रविवारी दुसरा. दोन्हीकडे थिएटरं तुडुंब भरली होती माणसांनी.

त्या भाऊबिजेची संध्याकाळ मला अजून लख्ख आठवते. आम्ही पाहिला तो 'कट्यार', आणि बाबांनी मूळ नाटकातले वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब रंगभूमीवर पाहिले होते. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, हे त्यांच्या तरुणपणातलं सगळ्यात मोठं वैभव. सिनेमाला येतानाच ते गप्प होते. आत शिरताना मला म्हणाले, "खराब केलं असेल तर मध्यंतरात निघतो." निघाले नाहीत. घरी आल्यावर रात्री साडेबारापर्यंत काकांशी वाद घालत बसले. नाटकातले खाँसाहेब कुठे कसे थांबायचे आणि सिनेमातले कुठे थांबतात, अमुक जागा कमी पडली, तमुक जागा मात्र, काका म्हणाले, कॅमेऱ्यानेच मिळवून दिली. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिने मधेच उठून विचारलं, "आजोबा, ते गाणं मला शिकवाल?" बाबांनी नाट्यगीतांच्या त्यांच्या कॅसेटचा खोका माळ्यावरून काढायला लावला, रात्री साडेबारा वाजता.

म्हणजे 'पुन्हा' या शब्दाशी माझं भांडण नाही. असणं शक्यच नाही. मी वाढलो तो मुलूखच पुन्हा पुन्हा सांगितलेल्या गोष्टींचा आहे.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, की आमच्याकडे जत्रांचा हंगाम सुरू होतो. कार्तिकापासून जवळजवळ पावसाच्या तोंडापर्यंत, आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची. आणि जत्रा म्हणजे रात्री दशावतार. आम्ही त्याला दहीकाला म्हणतो, कारण रात्रभराचं नाटक संपताना पहाटे काल्याची हंडी फुटते. पूर्वी कंपनीचे लोक वेशभूषेचा पेटारा डोक्यावर घेऊन डोंगरवाटा तुडवत यायचे, आता टेम्पोने येतात. देवळासमोर मांडव, एक पायपेटी, एक मृदंग, एक झांज. नेपथ्य म्हणाल तर एक बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, त्यावर चढलं की डोंगर, आडवं झोपलं की राजकन्येचा पलंग. स्त्रीपार्टही पुरुषच करतात, आणि आमच्या लहानपणी एक नट असा होता की त्याने साडीचा पदर सावरला की बायका एकमेकींकडे बघायच्या, कारण तो पदर त्यांच्याहून बरा सावरायचा.

आधी आडदशावतार. गणपती, सरस्वती, मग वेद चोरणारा काळा संकासुर, त्याची मालवणीतली थट्टामस्करी, आणि शेवटी विष्णूच्या हातून त्याचा वध. पोरं संकासुरासाठी जागायची आणि मग आयांच्या मांडीवर कलंडायची. त्यानंतर उत्तररात्री आख्यान, पुराणातली एखादी कथा. संवाद कुठे लिहिलेले नाहीत. कथेचा सांगाडा सगळ्यांना ठाऊक, कुणी कुणाची भूमिका करायची तेही ठरलेलं, पण बोलायचं ते उभं राहिल्यावर, समोरचा काय बोलतो ते ऐकून. एका नटाने नवा टोला दिला की दुसऱ्याला तिथल्या तिथे उत्तर सुचायला लागतं. नाही सुचलं तर मांडवातल्या शंभर माणसांना कळतं.

माझ्या आजीने ही आख्यानं किती वेळा पाहिली असतील याला मोजदाद नाही. एकदा, मी सहावी-सातवीत असेन, तिला विचारलं, "आजी, तुका तर सगळी गोष्ट म्हायत आसा. मगे रात्रभर कित्याक बसतंस?"

ती गोधडी अंगावर ओढत म्हणाली, "गोष्ट म्हायत आसा रे. आज कशी रंगयतत ता बघूक इलंय."

यादी वाचताना मला आजीचं हे वाक्य आठवलं आणि माझ्या नाराजीचं कारण थोडं उलगडलं. आजीच्या 'पुन्हा'मध्ये 'आज' होतं. तीच कथा, तेच बाकडं, पण आजच्या रात्री, आजच्या थंडीत, या गावच्या देवासमोर, या नटाच्या तोंडून ती काय होऊन येते, ते कुणालाच माहीत नसायचं. नटालाही नाही. कीर्तनाचं तेच. हरिश्चंद्र डोंबाघरी पाणी भरणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि तरी बुवा त्या जागी आले की सभा स्तब्ध होते. १९१३ साली फाळक्यांनी पहिला चित्रपट काढताना हरिश्चंद्राचीच गोष्ट घेतली, १९३२ साली प्रभातने पहिला मराठी बोलपट काढताना पुन्हा हरिश्चंद्रच घेतला, तेव्हा 'हे तर पाहिलंय' असं कुणी म्हटलं असेल असं मला वाटत नाही. पडदा बोलतोय, तारामती मराठीत रडतेय, हेच त्यातलं 'आज' होतं.

आताच्या याद्यांमध्ये मात्र 'पुन्हा' याचा अर्थ बदललाय. पुन्हा म्हणजे ओळखीचं. पोस्टर लांबून दिसलं तरी चालेल, नाव अर्धं वाचलं तरी चालेल, माणसाने थांबून विचारू नये की हे काय आहे. विचारायला लागला तर तो तिकीट काढणार नाही, अशी भीती त्यामागे आहे. आणि ही भीती मी उगाच कुणाच्या माथी मारत नाही, तिच्यामागे एक गणित आहे.

सिनेमा शुक्रवारी लागतो आणि सोमवारी त्याचं काय व्हायचं ते ठरून गेलेलं असतं. शनिवार-रविवारच्या खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारपासून खेळ कमी होतात. गुरुवारी नव्या यादीला जागा करून द्यायची असते. डिजिटल प्रोजेक्शनसाठी निर्मात्याला पडद्यागणिक पैसे मोजावे लागतात, धंद्यात त्याला 'व्हीपीएफ' म्हणतात. उत्पन्नातला निर्मात्याचा वाटाही पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठा आणि मग आठवड्यागणिक उतरता. म्हणजे सगळं काही पहिल्या तीन दिवसांत. तीन दिवसांत माणूस थिएटरात यायचा असेल तर त्याला सिनेमा लागण्याआधीच ठाऊक असायला हवा. आणि लागण्याआधीच ठाऊक असलेला सिनेमा म्हणजे ज्याचा पहिला भाग त्याने पाहिलाय तो.

पूर्वी हे गणित वेगळं होतं, कारण वेळ होता. 'संत तुकाराम' १९३६ साली मुंबईच्या एका थिएटरात लागला तो वर्षाहून अधिक काळ तिथेच राहिला. एवढ्या काळात बातमी पायी चालत गेली तरी गावोगावी पोहोचते. इतकं मागे जायलाही नको. २००४ साली 'श्वास' आला तेव्हा त्याची कुणी वाट पाहत नव्हतं. मला तो ऑफिसातल्या एकाने सांगितला, डबा खाता खाता, त्याला त्याच्या मेव्हणीने सांगितला होता. आम्ही गेलो तोपर्यंत तो लागून बरेच दिवस झाले होते. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी. आज तसा सिनेमा आला तर डबा खाऊन होईपर्यंत तो उतरलेला असेल.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. एका छोट्या मराठी सिनेमाबद्दल मी कुठेतरी चार ओळी वाचल्या होत्या. आमच्या भागात त्याचा एकच खेळ, दुपारी सव्वाबाराचा, तोही तीन स्टेशनं पलीकडे. शनिवार होता, पाऊस धो धो. मी आणि बायको लोकलने निघालो. गाडीत असतानाच मोबाइलवर संदेश आला, की पुरेसे प्रेक्षक नसल्यामुळे खेळ रद्द, पैसे परत मिळतील. तरीही आम्ही थिएटरात गेलो. तिथे आणखी एक जोडपं उभं होतं, साठीच्या घरातलं, छत्री निथळवत. त्यांनाही तोच सिनेमा बघायचा होता. त्यांनी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "आम्ही चौघं झालो की आता, लावाल का?" तो मुलगा खरंच ओशाळला. म्हणाला, "काका, माझ्या हातात नाही." त्याच्या हातात नव्हतंच. आम्ही चौघांनी तिथेच कॉफी घेतली आणि जो सिनेमा आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता त्याबद्दल अर्धा तास बोललो. पुढच्या शुक्रवारी तो कुठेच नव्हता.

मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइममध्ये पडदा द्यावा असं सरकारने २०१५ साली ठरवलं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हटलं होतं, मग ते दुपारी बारा ते रात्री नऊ झालं. आमचा तो सव्वाबाराचा खेळ त्या हिशेबात प्राइम टाइमच होता. शनिवारी आम्ही जाऊ शकलो. सोमवार ते शुक्रवार दुपारी सव्वाबाराला नोकरदार मराठी माणूस कुठे असतो, हे सांगायला नको.

तिकिटाचंही असंच. या २२ सप्टेंबरपासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगलं झालं, लहान गावातल्या एकपडदा थिएटरला त्याचा आधार होईल. पण भाऊबिजेला आम्ही नऊ जण असतो आणि मला दिसणाऱ्या एकाही खेळाचं तिकीट शंभराच्या आत नाही. तिथे अठरा टक्केच. नऊ जणांचा खर्च करायचा तर माणूसही जोखीम घ्यायला कचरतो, हे मी स्वतःवरून सांगतो. ओळखीचं नाव बघितलं की माझाही हात तिकडे वळतो. यादी अशी होण्यात माझ्या त्या हाताचा वाटा आहे, हे मला नाकारता येत नाही.

आणि तरीही यंदाच्याच सप्टेंबरात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. १२ सप्टेंबरला एकाच दिवशी तीन मराठी सिनेमे लागले. प्रेक्षक तेवढाच, पडदे तेवढेच, आणि तिघांनी एकमेकांच्या ताटातलं खायचं. ही तारीख कोण ठरवतं, एकमेकांना फोन करून कुणी विचारत नाही का, असं मला दर वेळी वाटतं. पण त्या तिघांतला एक होता 'दशावतार'. दिग्दर्शकाचा पहिलाच सिनेमा. नावात आकडा नाही. मुख्य भूमिकेत दिलीप प्रभावळकर, ऐंशी ओलांडलेले, कोकणातल्या एका म्हाताऱ्या दशावतारी नटाच्या वेषात. हंगामाच्या कुठल्याही गणितात हे बसणार नाही. आणि तो चालला, आठवड्यामागून आठवडे. आईने तो गावाकडच्या थिएटरात पाहिला, वाडीतल्या बायकांबरोबर, रिक्षा करून. फोनवर मला म्हणाली, "थंय बसलंव आणि माका वाटला जत्रेतच आसंय." हे सांगताना तिचा आवाज वेगळा होता. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला आपल्या मांडवातला पेटारा एवढ्या मोठ्या पडद्यावर दिसला होता.

त्याच्या पुढच्याच शुक्रवारी, १९ सप्टेंबरला, 'साबर बोंडं' लागला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात मुंबईहून गावी आलेला एक मुलगा आणि त्याचा लहानपणचा मित्र, त्यांच्यातली माया, एवढीच गोष्ट. रोहन कानवडे यांच्या या सिनेमाला जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. मराठी सिनेमासाठी ही केवढी मोठी गोष्ट! त्याच शुक्रवारी 'जॉली एलएलबी ३' लागला. पडदे कुणाला मिळाले असतील ते वाचणाऱ्याने ओळखावं. मी तो सिनेमा पाहू शकलो, कारण मी त्याच्यासाठी रात्री लांबचा प्रवास करायला तयार होतो. सुतकातल्या त्या घराचं दार, त्या ओसरीवर बसलेली माणसं, हळू आवाजातली बोलणी. बाबा गेले तेव्हाचे आमचे दहा दिवस मला त्या पडद्यावर परत भेटले. सिनेमा संपल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही.

म्हणजे सिनेमे आहेत. करणारेही आहेत. हे मला ठाऊक आहे म्हणूनच दिवाळीची यादी बघून वाईट वाटतं. सणाचा दिवस, घरात सगळी माणसं जमलेली, हातात चार पैसे, आणि नेमकं त्याच दिवशी यादीत जे असतं ते आधी चाखून झालेलं.

आमच्या कोकणाची भुतं तर हिंदीत गेली. हे जरा सविस्तर सांगायला हवं. 'थामा'चे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठीच. त्यांनीच गेल्या वर्षी 'मुंज्या' केला, तोही याच मालिकेतला. मुंज्या म्हणजे सोडमुंजीआधी गेलेल्या पोराचं, पिंपळावर बसणारं भूत. आमच्या वाडीत पिंपळाखालून संध्याकाळी जायचं नाही हे मी रांगत होतो तेव्हापासून ऐकतोय. ते भूत मी थिएटरात पाहिलं, आणि ते हिंदी बोलत होतं. सिनेमा आवडला, खोटं कशाला बोलू. पण बाहेर येताना मुलगी म्हणाली, "बाबा, हा मराठीत का नाही केला?" आणि माझ्याकडे उत्तर होतं तेच पैशांचं, पडद्यांचं, तीन दिवसांचं. 'तुंबाड'चंही तसंच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाचं नाव, मराठी वाडा, मराठी पाऊस, मराठी दिग्दर्शक, आणि भाषा हिंदी. २०१८ साली तो आला तेव्हा फार थोड्यांनी पाहिला. २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा लावला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. या एका 'पुन्हा'बद्दल मी कृतज्ञ आहे. ज्या सिनेमाला पहिल्यांदा वेळ मिळाला नाही त्याला सहा वर्षांनी तो मिळाला. असे आणखी किती असतील, ज्यांना दुसरी संधी दिली तर माणसं येतील. ऑगस्टमधला आमचा तो सव्वाबाराचा सिनेमा मला अजून बघायचाय.

यंदाच्या यादीतल्या एका नावाशी मात्र मी थांबलो, हे सांगितलं पाहिजे. महाराज पुन्हा येतात तो सिनेमा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर आहे असं वाचलं. गेली सात-आठ वर्षं शिवकाळावरचे सिनेमे एकामागून एक येताहेत. किल्ला, वेढा, खिंड, तलवार, गर्जना. इतिहासाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर उभं राहून मोठं झालेलं पोर आहे मी. पण त्या सिनेमांत रयत कुठे असते? महाराजांनी ज्या रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये असं बजावलं ती रयत पडद्यावर फक्त जयजयकाराला येते. या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या शेतांत शिरल्या. पिकं गेलीच, कित्येक ठिकाणी मातीसुद्धा खरवडून गेली, खाली दगड उघडा पडला. धाराशिव, बीड, सोलापूरकडच्या बातम्या आम्ही दसऱ्याला सोनं वाटता वाटता बघत होतो. अशा दिवाळीत महाराज येऊन शेताच्या बांधावर उभे राहणार असतील, तर त्या सिनेमात 'आज' आहे. तो तसा निघाला तर मी दोनदा बघेन. पण तो ३१ तारखेला, आणि भाऊबीज २३ला.

काय बघायचंय मला, असं मुलीने विचारलं. ती आता अठराची, तिला माझी ही चिडचिड समजत नव्हती. मी तिला सांगत सुटलो. डोंबिवलीहून रोज सकाळी सहा-बाविसची लोकल पकडणाऱ्या बाईवर सिनेमा हवाय. मातीच वाहून गेल्यावर पुढच्या पेरणीला काय करायचं हे ठरवणाऱ्या दोन भावांवर हवाय. मुंबईला मुलं गेल्यावर वाडीतल्या अकरा बंद घरांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या म्हातारीवर हवाय. आमच्या वाडीत अशी एक म्हातारी खरंच आहे, तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो आणि कुठली किल्ली कुणाची ते ती चाचपून ओळखते. विनोदी असू दे, गाणी असू दे, नाच असू दे, सणाला हसायलाच हवं. फक्त पहिल्या पाच मिनिटांत मला शेवट कळता कामा नये. आणि कळला तरी आजीसारखं, आज कशी रंगवतात ते बघत रात्रभर बसावंसं वाटलं पाहिजे.

मुलगी म्हणाली, "मग किल्लीवाल्या आजीचा तू लिही ना." मी काही बोललो नाही. ते काम माझं नाही, मी बघणारा आहे. पण बघणाराही लागतो, मांडवात शंभर जण ऐकत बसलेले असतात म्हणून तर नटाला उत्तर सुचतं.

परवा आईचा पुन्हा फोन आला.

"काय ठरला?"

मी म्हटलं, "आई, यंदा काय मन लागत नाही बघ. सगळे जुनेच आहेत."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "प्रभावळकराचो तुमच्याकडे लागलो आसा काय अजून?"

मी बघितलं. लागलेला होता. तिसऱ्या स्टेशनवर, एकच खेळ, संध्याकाळी. आईचा एकदा पाहून झालाय, बहिणीचा राहिलाय, आत्याचाही राहिलाय, मुलीने कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर पाहिलाय.

"पण तू बघितलास ना?" मी म्हटलं.

"बघितलंय तर काय झाला," आई म्हणाली. "माका पुन्हा बघूचो आसा. आणि तुझे आत्येक मी सांगतलंय खंयची गोष्ट खरी ती."

भाऊबिजेची नऊ तिकिटं काढायला अजून पुढच्या आठवड्याचे खेळ खुले झालेले नाहीत. गुरुवारची यादी लागली की कळेल, तो सिनेमा तोवर राहतो की नाही. रोज रात्री झोपण्याआधी मी एकदा बघून घेतो. आणि त्रिपुरी पौर्णिमेआधीचं तुतारीचं परतीचं तिकीट या वेळी दोघांचं काढलंय, आईचं आणि माझं. ५ नोव्हेंबरनंतर आमच्या शेजारच्या गावची जत्रा आहे, आणि कुठलं आख्यान लावणार ते अजून कुणालाच माहीत नाही.